खोलीतल्या छोट्या मीटरबद्दल: लातूरच्या घरमालकांना खुलं पत्र

ट्यूशन एरियात, खाडगाव रोडला, औसा रोडला, बार्शी रोडला पोरापोरींना खोल्या भाड्यानं देणाऱ्या समस्त मालकांना आणि मालकिणींना,

नमस्कार.

मी गंगाखेड तालुक्यातली. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा घरात ठरलं, नीटची तयारी लातूरलाच करायची. मेसचं जेवण तिला मानवेना. सहा महिन्यांत वजन घटलं, म्हणून तिच्या मागं मी पण आले. गावाकडं शेत, नवरा आणि सासूबाई. इथं मी, मुलगी आणि दहा बाय बाराची खोली. अशा आया तुमच्या एकेका गल्लीत दहा-बारा सापडतील. कुणी देगलूरची, कुणी वसमतची, कुणी केजची. संध्याकाळी पाणी भरताना बोलणं निघतं ते पोरांच्या टेस्टच्या मार्कांवरून, आणि येऊन थांबतं लाईट बिलावर.

खोली ठरवताना आम्ही भाड्यावर घासाघीस करतो, डिपॉझिटवर करतो. जाता जाता तुम्ही म्हणता, "लाईट वेगळी बरं का, युनिटला सोळा रुपये." आम्ही मान डोलावतो. त्या घडीला युनिट कुणाच्या डोक्यात असतंय? डोक्यात असतं पोरीच्या खोलीला आतून कडी नीट लागते का नाही ते.

माझी नणंद गोरेगावला राहते. मागं फोनवर तिनं सहज विचारलं, "वहिनी, तुमच्याकडं कुणाची लाईट आहे?" मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं की मुंबईच्या उपनगरात २००९ पासून टाटा आणि अदानी (तेव्हा ती रिलायन्स होती) यांच्यापैकी ज्याची वीज परवडेल त्याची घेता येते. बेस्ट आहे ती शहरात, आणि भांडुप-मुलुंडला आपल्यासारखीच महावितरण. मी म्हटलं, बाई, आमच्याकडं उदगीरपासून वैजापूरपर्यंत एकच दुकान. वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले तेव्हापासून घरी वीज द्यायला मराठवाड्यात महावितरणच. बाहेरून वीज विकत घेण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती मोठा वीजभार असलेल्या कारखान्यांना. सौर-पवन विजेसाठी २०२२ मध्ये वीजभाराची ती अट खाली आणली तरी १०० किलोवॅटवर आणली. आमच्या खोलीत एक पंखा, एक ट्यूब आणि मोबाइलचं चार्जर. एकाच तारेवर दोन-तीन कंपन्यांना वीज विकू देणारं विधेयक त्याच वर्षी लोकसभेत आलं, समितीकडं गेलं आणि तिथंच राहिलं.

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की आम्ही तर महावितरणचे ग्राहकसुद्धा नाही. आमच्या नावाचं बिल येत नाही, ग्राहक क्रमांक नाही, तक्रार करायला गेलं तर खिडकीवरचा माणूस विचारणार, तुम्ही कोण? आमचा वीजपुरवठादार म्हणजे तुम्ही. दाराच्या वर ठोकलेलं ते छोटं मीटर, दर महिन्याला तुमचा पोरगा त्याचा फोटो काढतो, आणि वहीत आकडा पडतो.

म्हणून हे पत्र वीज नियामक आयोगाला किंवा मंत्र्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

पहिल्या घराचं आधी सांगते. मालकांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. तिथं आमचं बिल महिन्याला नव्वद युनिटच्या खाली कधी उतरलंच नाही. दिवाळीत आठ दिवस गावाकडं गेलो, कुलूप लावून, सगळी बटणं बंद करून. आलो तर मीटर सात युनिट पुढं. ह्या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, वीज जाईल तसा तो लुकलुकतो. एका युनिटला किती वेळा ते मीटरवरच लिहिलेलं असतं, कुठं १६००, कुठं ३२००. मी खोलीतलं सगळं बंद केलं, बोर्डाखाली स्टूल टाकून बसले. दिवा लुकलुकत होता. वायरमनला दोनशे रुपये दिले तेव्हा उलगडा झाला: जिन्यातला दिवा आणि गेटवरच्या कॅमेऱ्यांचा डबा, दोन्ही आमच्या मीटरवरून ओढलेले. मालक म्हणाले, "ताई, एका दिव्यानं काय होतंय?" दिव्यानं खरंच काही होत नाही. नऊ वॅटचा दिवा रात्रभर जळला तरी महिन्याला तीन-सव्वातीन युनिट. पण कॅमेऱ्यांचा डबा चोवीस तास चालतो. पस्तीस वॅट धरले तर महिन्याला पंचवीस युनिट. अकरा महिने आम्ही त्यांच्या गेटची राखण आमच्या पैशानं केली.

तुमच्या घरातही असंच असेल, असं मी म्हणत नाही. वायरिंग करणारा जवळची तार ओढतो, मालकाला पत्ताही नसतो. पण एकदा भाडेकरूसमोर सगळी बटणं बंद करून तो लाल दिवा बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता दुसरं घर, जिथं मी सध्या राहते. इथं यायच्या आधीच मनात किंतू होता, म्हणून गावाकडून शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब घेऊन आले. शंभर वॅटचा बल्ब दहा तास जळला की एक युनिट, हे आमच्या सरांनी सातवीत शिकवलं होतं. बाकी सगळं बंद ठेवून बल्ब लावला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मीटर एक युनिटच पुढं गेलं. (व्होल्टेज कमी असेल तर थोडं कमीच भरतं. जास्त भरलं तर मात्र मीटरला विचारावं लागेल.) मीटर बरोबर होतं. राहिला दर. सोळा रुपये.

गल्लीतल्या बायकांचं म्हणणं होतं की सरकारी दर पाच रुपये आणि मालक सोळा घेतो, सरळसरळ लूट आहे. मलाही तसंच वाटायचं. मी लग्नाआधी वडिलांच्या किराणा दुकानाची वही लिहायची, हिशेबाचा कंटाळा नाही. मालकीणबाईंना म्हटलं, काकू, तुमचं बिल दाखवता का? त्यांनी खळखळ न करता दाखवलं. त्यांचे आकडे इथं देत नाही. पण तसंच आठ खोल्यांचं एक घर धरू आणि २०२४-२५ चे दर लावू, कारण माझ्या वहीत तेच उतरवलेले आहेत. पुढं दर बदलले, पण १००, ३०० आणि ५०० हे टप्पे तसेच आहेत.

पहिली १०० युनिट ४ रुपये ७१ पैशांनी. १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे. ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे. पाचशेच्या वर १६ रुपये ६४ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटला वहन आकार (वीज तारेनं घरापर्यंत आणण्याचा) १ रुपया १७ पैसे, स्थिर आकार (वापर असो-नसो, दर मीटरला महिन्याचा) १२८ रुपये, आणि ह्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजनाचा आकडा दर महिन्याला हलतो, तो सोडून देते.

एका खोलीचा वापर साधारण ६० युनिट. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा सोळा तास, त्याचे छत्तीस. ट्यूबचे सहा. हिवाळ्यात पाण्याचा रॉड वीस मिनिटं, त्याचे पंधरा. उरलेले मोबाइलचे. अशा आठ खोल्या म्हणजे ४८० युनिट, त्यात मालकांच्या घरचे १६० मिळवले की ६४० झाले. सगळं एका मीटरवर. बिल येतं १०,०२९ रुपये. भागिले ६४०: युनिट पडलं १५ रुपये ६७ पैशांना.

मी दोनदा भागाकार केला. मालक सोळा घेत होते आणि त्यांना साडेपंधराच्या वर पडत होतं. लूट नव्हती. मनातल्या मनात ज्या माणसाला मी वर्षभर शिव्या घालत होते, तो मधल्या मधे पैसे गोळा करून भरत होता.

आता तेच घर, तोच वापर, पण प्रत्येक खोलीला महावितरणचं वेगळं मीटर. ६० युनिटचं बिल येतं ५५८ रुपये, स्थिर आकार आणि शुल्क धरून. आठ खोल्यांचे मिळून ४,४६२. मालकांच्या १६० युनिटचे १,६२८. बेरीज ६,०९०. मागच्या बेरजेतून वजा करा: महिन्याला ३,९३९ रुपये. वीज तेवढीच जळाली, एक दिवा कमी नाही लावला. नऊ बिऱ्हाडं एका मीटरच्या दावणीला बांधली, एवढ्यापायी ते गेले. दरांचे टप्पे केले ते जास्त वीज जाळणाऱ्याला महाग पडावी म्हणून. आमच्या इथं साठ युनिट जाळणाऱ्या पोराला बंगल्याच्या एसीचा दर लागतो, आणि मालकांनाही स्वतःच्या घरची वीज त्याच भावानं पडते. उन्हाळ्यात खोल्याखोल्यांत कूलर लागले की पाचशेच्या वरचा आकडा आणखी फुगतो. नीट मे महिन्यात असते. चाळीसच्या वर पारा असताना पोरीला कूलर बंद कर म्हणायची छाती मला होत नाही.

मग मीटर वेगळं का घेत नाही? हा प्रश्न मी सहा मालकांना विचारला, काहींना चहा पिता पिता, काहींना जिन्यात गाठून. उत्तरं ऐकण्यासारखी होती.

एक म्हणाले, भाडेकरूच्या नावानं मीटर झालं की उद्या तो खोलीवर हक्क सांगतो. ही भीती जुनी आहे आणि खोटी नाही, भांडणं झालेली आहेत. पण लाईट बिलानं मालकी मिळत नाही. भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकावरच टाकली आहे. तो नोंदवला की बिल कुणाच्याही नावानं येवो. आणि भाडेकरूच्या नावानं नकोच असेल तर सगळी मीटरं तुमच्याच नावानं घ्या. आम्हाला नाव नको आहे. आमचं बिल आमच्या वापराच्या टप्प्यात यावं, एवढंच पाहिजे.

दुसरे म्हणाले, पोरं मेमध्ये खोली सोडून जातात, बिल थकवून. थकबाकी जागेवर चढते, हे खरं आहे. पुढच्या माणसाला ती भरल्याशिवाय सुटका नाही. पण डिपॉझिट तुमच्याकडं असतं की. जाताना शेवटचं बिल दाखव आणि डिपॉझिट ने, एवढा नियम केला तरी भागतं.

तिसऱ्यांचं म्हणणं, मे-जूनमध्ये खोल्या रिकाम्या असल्या तरी स्थिर आकार भरावा लागेल. हे मला मान्य. त्या दरानं आठ मीटरांचे शुल्कासह १,१८८ रुपये महिन्याला. पण बाकीच्या दहा महिन्यांत जवळजवळ चार-चार हजार वाचतात, ते कुणी मोजायचे?

चौथे हळू आवाजात म्हणाले, आठ मीटर दिसले की महापालिका घरपट्टी वाढवेल. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते मी द्यावं असंही मला वाटत नाही.

पाचव्यांनी विचारलं, महावितरण देईल का? कायद्यात तर स्पष्ट आहे. विद्युत कायदा २००३, कलम ४३: जागेचा मालक किंवा तिथं राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज करू शकतो, आणि अर्ज पूर्ण असेल तर महिन्याभरात वीज द्यावी लागते. राहणारा अर्ज करणार असेल तर करारनामा किंवा मालकाची संमती लागते, म्हणजे पुन्हा गाडी तुमच्याच दारात. मात्र एक लक्षात ठेवा. एकाच घराचा वापर दोन मीटरांवर वाटून टप्पा चुकवायचा, हे चालत नाही आणि चालू नये. वेगळं बिऱ्हाड पाहिजे, वेगळी वायरिंग पाहिजे, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल पाहिजे. जिथं सगळ्या खोल्यांची तार एकातून एक गेलेली आहे, तिथं आधी वायरमनचा खर्च येईल. तो निम्मा आम्ही देऊ, असं आमच्या मजल्यावरच्या तिघींनी ठरवलं आहे.

सहावे काही बोललेच नाहीत. "बघू," म्हणाले. त्यांच्याकडं दर वीस रुपये आहे.

त्यांच्यासाठी दोन शब्द वेगळे. वीज विकायची तर परवाना लागतो, असं त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं. आलेलं बिल वाटून घेणं म्हणजे विकणं नव्हे, हे मला कळतं. पण बिलात पंधरा-सोळा पडत असताना वीस घेतले, तर वरच्या चाराला काय म्हणायचं? भाडं वाढवायचं असेल तर भाडं म्हणूनच मागा. भाड्यावर आम्ही घासाघीस तरी करू शकतो. आणि भाडं थकलं म्हणून पोरांच्या खोलीची लाईट तोडायची सवय ज्यांना आहे, त्यांनी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ एकदा वाचावं. परीक्षेच्या आठवड्यात असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोरगं मोबाइलच्या उजेडात जिन्यात बसून वाचत होतं.

ज्यांना मीटर वेगळी करायचीच नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती त्यांच्याच फायद्याची जास्त आहे. गच्ची. लातूरला ऊन कमी पडतं असं कुणी म्हणणार नाही. ज्या गावात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं दुसरं काही नसलं तरी ऊन आहे. गच्चीवर सौर पॅनल बसवायच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला महिन्याला १२० युनिट धरतात, म्हणजे तीनला ३६०. मघाशी हिशेबाला धरलेल्या आठ खोल्यांच्या घराचे ६४० युनिट उरले २८०, म्हणजे वरचे दोन्ही महाग टप्पे सुटले. बिल १०,०२९ वरून ३,२२३ वर येतं. महिन्याला ६,८०० रुपये. दोन लाखांच्या आसपासच्या खर्चातून अनुदान वजा केलं तर दीड-दोन वर्षांत पैसे फिटतात. पावसाळ्यात कमी तयार होईल, ते धरून चला. फक्त एक विनंती: गच्चीवर पॅनल बसवल्यावरही खाली सोळाच रुपये घेत राहू नका. सगळा फायदा तुमचा असं नको, सगळा आमचा असंही नको. दर दहावर आणलात तरी तुमचे पैसे निघतात आणि खोली जूनच्या आत भरते.

पंख्याचं राहिलंच. खोलीतला पंखा तुमचा, बिल आमचं, म्हणून तो कधी बदलत नाही. तुम्हाला बदलायचं कारण नाही आणि आम्ही दोन वर्षांनी जाणार. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी मोटारवाला तीस. सोळा तासांच्या हिशेबानं महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात, सोळाच्या दरानं साडेतीनशे रुपये. तुम्ही पंखा बसवा आणि भाडं शंभरानं वाढवा, मी त्या दिवशी हो म्हणेन. आमच्या काकूंना हे पटलं आहे. त्या म्हणतात, गुढीपाडव्याला बघू.

जूनमध्ये दहावीची पोरं आणि त्यांचे आईवडील उन्हातानात खोल्या शोधत फिरतील. नांदेडच्या, परभणीच्या, हिंगोलीच्या गाड्यांतून उतरलेले, हातात पिशवी, मोबाइलमध्ये कुणीतरी दिलेला नंबर. वीज कुणाची घ्यायची, ही निवड त्यांना कुणी देणार नाही. खोली कुणाची घ्यायची, ही निवड मात्र त्यांची आहे. ती त्यांना डोळे उघडे ठेवून करू द्या. मागच्या तीन महिन्यांची बिलं गेटच्या आत फळीवर लावा. एका कागदावर लिहा: एकूण बिल किती, एकूण युनिट किती, दर किती पडला, जिन्याचा दिवा आणि बोअरची मोटार कुणाच्या मीटरवर आहे. चार ओळींचं काम आहे. ज्याचा दर सोळा आहे त्यानं सोळाच लिहावा, सोबत बिल दिसलं की माणूस समजून घेतो. मी घेतलंच की.

कुणाला हिशेब करून पाहिजे असेल तर बिल घेऊन या. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते, पोरगी क्लासला असते. कॅल्क्युलेटर आहे, वही आहे. आमची परीक्षा झाली की आम्ही खोली सोडू. तो शंभर वॅटचा बल्ब होल्डरसकट इथंच काकूंकडं ठेवून जाणार आहे, कुणालाही मीटर तपासायचं असेल तर मागून न्यावा. फक्त दहा तास लावायचा, आणि काढताना जरा थांबायचं, काच लई तापते.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची एक भाडेकरू